पेशव्यांचं दप्तर आणि सहावीतल्या मुलीचं दप्तर

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. सहावीतली पोर 'पेशवे दप्तर' हे शब्द वाचते आणि विचारते, "पेशवे शाळेत जायचे का?" घरात कुणालाच धड उत्तर देता येत नाही. आजोबा म्हणतात, शब्द अरबी आहे. हिंदीच्या बाई सांगतात, दफ्तर म्हणजे ऑफिस. मराठीच्या बाईंनी तर तिच्या वहीतल्या 'दफ्तर'वर लाल शाईने काट मारून 'दप्तर' केलं. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

सगळेच थोडेथोडे बरोबर आहेत. आजोबा त्यातल्या त्यात कमी.

आधीच सांगून टाकतो, मी भाषेचा प्राध्यापक नाही. नाशिकमध्ये गेली अठ्ठावीस वर्षं मोडी कागद वाचून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून देणं हा माझा धंदा. वाटणीपत्रं, गहाणखतं, वतनाच्या सनदा, देवस्थानांच्या इनामाची ताकीदपत्रं. भाऊबंदकी जितकी जुनी तितकं आम्हाला काम जास्त. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा तर तहसीलदारापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना एकदम मोडीवाले आठवले. हे सांगायचं कारण असं, की 'दप्तर' हा शब्द मी कोशात फार उशिरा पाहिला. त्याआधी कैक वर्षं तो हातांनी सोडला आणि बांधला. आणि या शब्दाची गोम त्या बांधण्यातच आहे.

जुन्या वाड्यात किंवा कचेरीत कागद आजच्यासारखे फायलीत उभे राहत नसत. लांबट अरुंद कागदांच्या घड्या घालायच्या, दोऱ्याने जुड्या बांधायच्या, आणि अशा जुड्यांचा ढीग जाड्याभरड्या कापडाच्या चौकोनात ठेवून समोरासमोरच्या टोकांना गाठी मारायच्या. या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आजही रुमालांनीच मोजलं जातं. अमुक नंबरचा रुमाल काढा, असंच तिथे म्हणायचं. फारसीत 'रू' म्हणजे तोंड आणि 'माल' म्हणजे पुसणारा. तोंड पुसायच्या फडक्याचं नाव सरकारी कागदांच्या गठ्ठ्याला लागलं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर अशा रुमालांचा मिळून जो संच होतो ते दप्तर. कुलकर्ण्याचं दप्तर, देशमुखाचं दप्तर, संस्थानाचं दप्तर. पेशवाईत पुण्याच्या हुजूर दप्तराचे दोन मोठे विभाग होते, चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. एकात रोजचा कारभार चाले, दुसऱ्यात सगळ्या खात्यांचे हिशेब एकत्र येऊन बेरीज होई. पेशवाई बुडाल्यावर हे कागद इंग्रजांच्या हाती गेले. पुढे इनाम कमिशनने वतनदारांचे हक्क तपासायला घेतले, तेव्हा त्यांच्याकडचे जुने कागद गोळा होऊन त्यात पडले. त्या भागाला अजून 'जमाव' म्हणतात. गोविंद सखाराम सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड काढले. तुमच्या मुलीच्या पुस्तकात जे 'पेशवे दप्तर' आलंय ते हे. तेव्हा तिला सांगा, पेशव्यांच्या दप्तरात राज्य होतं. जमाखर्च, लढायांच्या बातम्या, कुणाला किती धान्य दिलं, कुणाचं वतन काढलं. पण बांधलेलं होतं ते तिच्या पणजोबांच्या पाटी-पुस्तकासारखंच, फडक्यात.

कारण पोरांचं दप्तर आलं ते याच वाटेने. गावठी शाळेत जाणारा मुलगा पाटी, लेखणी आणि एखाददुसरं पुस्तक तशाच कापडाच्या चौकोनात गाठ मारून काखेत धरून न्यायचा. घरचे थट्टेने म्हणत असतील, 'निघाले कारकून दप्तर घेऊन.' ही थट्टा माझ्या मनची, तिला पुरावा नाही. पण गाठ मारायची रीत एक, काखेत धरायची रीत एक, मग नाव दुसरं कशाला पडेल? कापडाची पुढे शिवलेली पिशवी झाली. माझं पहिलं दप्तर खताच्या गोणीचं होतं, आईने हाताने शिवलेलं, आणि धुऊन धुऊन त्यावरची छापील अक्षरं गेली तरी पावसाळ्यात त्याला युरियाचा वास यायचा. मग रेक्झिनचं आलं, पाठीवरचं आलं, आता चाकांचं आलंय. आत काय आहे आणि बाहेर काय आहे ते सगळं बदललं, नाव तेवढं टिकलं.

आता आजोबांकडे वळू. शब्द अरबीत आहे, यात शंका नाही. अरबीत त्याचं अनेकवचनसुद्धा अस्सल अरबी थाटाचं होतं, दफातिर. पण तो अरबांनी फारसीतून घेतला, आणि फारसीतसुद्धा तो पाहुणा. मूळ घर ग्रीस. ग्रीक 'दिफ्थेरा' म्हणजे कातडं. तिंबून, चोळून मऊ केलेलं, कमावलेलं कातडं.

या ग्रीक शब्दाची सर्वांत जुनी नोंद ऐकून मला फार मजा वाटली होती. दक्षिण ग्रीसमध्ये पायलॉस इथल्या राजवाड्यात मातीच्या पाट्यांवर ठेवलेले हिशेब सापडले. सुमारे 3200 वर्षांपूर्वी तो वाडा जळाला आणि कच्च्या पाट्या आगीत भाजून निघाल्या म्हणून वाचल्या. त्यातल्या एका पाटीवर कातड्याच्या वस्तूंची यादी आहे आणि तिथे हा शब्द 'दि-प्ते-रा' असा लिहिलाय. म्हणजे दप्तराचा खापरपणजोबा पहिल्यांदा आपल्याला भेटतो तोच एका कारकुनाच्या यादीत. तेव्हा त्याचा अर्थ कागद नव्हता, वही नव्हती, नुसतं चामडं. पण जात्याच हिशेबात जन्मलेला.

चामड्यावरून लिहायच्या पानाकडे तो कसा सरकला, हे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला माणूस. तो म्हणतो, आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या गुंडाळ्यांनासुद्धा 'कातडी'च म्हणतात, कारण पूर्वी पपायरस मिळेनासा झाला की ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहायचे. आपण मोबाइलचा फोन अजून 'लावतो', तसंच. वस्तू बदलते, नाव सवयीने मागे राहतं.

शेजारच्या इराणात तर राज्याचा कारभार खरोखरच कातड्यावर चालायचा. हखामनी साम्राज्याचा इजिप्तमधला सुभेदार अर्शाम याने आपल्या कारभाऱ्यांना अरामी भाषेत लिहिलेली कातड्यावरची पत्रं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांच्याबरोबर कातड्याच्या पिशव्याही आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचं दप्तर, दोन्ही अर्थांनी.

ज्यूंच्या तालमुदातही हा शब्द भेटतो, 'दिफ्तेरा', आणि तिथे तो अगदी चांभाराच्या काटेकोरपणाने वापरलाय. कातडं मीठ लावून, पीठ लावून तयार केलंय पण अजून मायफळाच्या कसात बुडवलेलं नाही, अशा अर्ध्या कमावलेल्या कातड्याला दिफ्तेरा म्हणायचं. कशावर लिहिलेला दस्त ग्राह्य, कशावरचा नाही, याची चर्चा चाललेली असते. मुद्रांक नसलेला करारनामा चालतो का, ही आपल्या कोर्टातली चर्चा त्याच जातीची.

इथे एक खड्डा आहे, तो दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण या खड्ड्यात मी स्वतः दोन वर्षं पडून होतो. जुन्या कागदांत 'डबीर' हा हुद्दा येतो, 'दिवाण' येतो, 'दप्तर' येतं. फारसीत तिन्ही 'द'ने सुरू, तिन्ही लिहिण्यावाचण्याच्या धंद्यातले. मला वाटायचं, एकाच घरातले भाऊ. तसं नाही. डबीर म्हणजे फारसी 'दबीर', लेखक. त्याच्या मागे जुन्या इराणी भाषेतला 'दिपि' म्हणजे लेख, कोरीव मजकूर. त्याच्याही मागे मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाटीचं नाव, अक्कदी 'टुप्पु', आणि अगदी मुळाशी सुमेरी 'दुब'. दिवाण हाही याच 'दिपि'च्या वंशातला, असं बहुतेक अभ्यासक धरतात; दस्तऐवजांचं घर असा काहीसा त्याचा मूळ अर्थ. आणि आता बसायला पाट घ्या: आपला 'लिपी' हा शब्दही याच घराण्यातला मानतात. पाणिनीच्या सूत्रात 'लिपि' आणि 'लिबि' दोन्ही रूपं आहेत. अशोकाचे लेख आपल्या बाजूला गिरनारला 'धंमलिपी' म्हणवतात, आणि तेच लेख वायव्येला शाहबाजगढीला कोरले तेव्हा कारागिराने 'दिपि' लिहिलं. इराणी वळण सीमेवर तसंच राहिलं.

म्हणजे डबीर, दिवाण आणि लिपी हे मातीच्या पाटीचे नातू, आणि दप्तर कातड्याचा. शेजारी राहिले, एकाच कचेरीत नोकरी केली, चेहरेही सारखे झाले. सोयरीक मात्र नाही.

माती झाली, कातडं झालं. मग आपल्याकडे काय होतं? त्यासाठी लांब जायला नको. पांडवलेण्यावर दहा नंबरच्या लेण्यात जा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख तिथे भिंतीवर आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, 3000 काहापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी 12 काहापण चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. गुणून बघा, 2000 चं वर्षाचं व्याज 240, आणि 20 गुणिले 12 पण 240. हिशेब आजही दमडीला चुकत नाही. आणि शेवटी उषवदात लिहितो की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केलं आणि रिवाजाप्रमाणे 'फलकवारे' नोंदवलं. फलक म्हणजे लाकडी फळी. फळ्यांवर नोंद ठेवायची जागा, म्हणजे त्या वेळचं गोवर्धनाचं रेकॉर्ड ऑफिस. 'निबध' हा त्यातला नोंदवल्याचा शब्द. 'दुय्यम निबंधक' पाटी लावलेल्या कचेरीत गेलात की तोच तुम्हाला भेटतो.

तेव्हा नाशिकला दप्तर नव्हतं असं नाही, फक्त त्याचं नाव लाकडावरून पडलं होतं. माझी या सगळ्यातून एक धारणा झालीय. कागद सांभाळण्याच्या धंद्यातले शब्द बहुतेक वेळा विचारावरून पडत नाहीत, हाताला जे लागतं त्यावरून पडतात. माती लागली तर माती, फळी लागली तर फळी, कातडं लागलं तर कातडं. आणि शब्द दुसऱ्या गावाला गेला की तिथल्या हाताला त्याच व्यवहारातली जी वस्तू पहिली लागते, तिला तो चिकटतो.

हे दप्तराच्या बाबतीत किती खरं आहे पाहा. अरबांनी इराण जिंकल्यावर काही दशकं इराकचा वसुली हिशेब फारसीतच चालला. सातव्या शतकाच्या अखेरीस इराकचा सुभेदार हज्जाज याच्या अमलात तो अरबीत आणला. मग अब्बासी खिलाफतीच्या सुरुवातीला, आठव्या शतकाच्या मध्यावर, खालिद बर्मकी नावाच्या कारभाऱ्याने सुट्या पानांऐवजी बांधलेल्या वह्या सुरू केल्या असं सांगतात. अरबांच्या हाताला लागली ती वही. आजही कैरोच्या दुकानात 'दफ्तर' मागा, वहीच मिळेल. कातडं गेलं, त्याच्या जागी समरकंदकडून आलेला कागद बसला, नावाला फरक नाही.

तुर्कांच्या हाताला लागलं ते वसुलीचं रजिस्टर. 'देफ्तेर'. उस्मानी राज्यात नवा मुलूख घेतला की घर, माणूस, द्राक्षवेल, गिरणी मोजून देफ्तेरात चढवायचे. अल्बानियातलं 1431-32 चं असं एक देफ्तेर आजही शाबूत आहे. खजिन्याचा मुख्य 'देफ्तेरदार', आणि तुर्कस्तानात प्रांताच्या वित्त अधिकाऱ्याला अजून तेच नाव आहे. आपल्याकडेही 'दप्तरदार' होताच.

मंगोलांकडे हा शब्द चेंगीझखानाच्या काळात पोहोचलेला दिसतो. 1206 मध्ये त्याने आपल्या दत्तक भावाला, शिगी खुतुखूला, निवाडे आणि वाटण्या 'कोको देब्तेर'मध्ये म्हणजे निळ्या वहीत लिहून ठेवायला सांगितलं, असं 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात आहे. तिथून तो तिबेटात चढला आणि थेट इतिहासग्रंथ झाला. पंधराव्या शतकातला 'देब्-थेर ङोन्-पो', निळा इतिहास, हा तिबेटी बौद्ध परंपरेचा मोठा ग्रंथ. ग्रीसचं शेळीचं कातडं ल्हासाच्या मठात धर्मग्रंथांशेजारी जाऊन बसलं.

इथिओपियाने तर कमालच केली. त्यांच्या जुन्या गीझ भाषेत 'देब्तेरा' म्हणजे आधी कातड्याचा तंबू, मग देवाचा तंबू, आणि मग त्या देवस्थानात भजन-स्तोत्रं म्हणणारा माणूस. आपल्या पंचवटीतल्या एखाद्या कीर्तनकाराला कुणी 'कातडं' म्हणून हाक मारावी, तसंच हे, पण तिथे तो मानाचा शब्द आहे.

व्यापारी जहाजांबरोबर तो स्वाहिलीत गेला, 'दफ्तारी' म्हणजे वही. मलायी आणि इंडोनेशियनमध्ये 'दाफ्तार' म्हणजे यादी. अनुक्रमणिकेला 'दाफ्तार इसी', दरपत्रकाला 'दाफ्तार हार्गा', आणि शाळेत नाव घालायचं ते 'मेन्दाफ्तार'. बंगालीत 'दप्तर' म्हणजे सरकारी खातं, बांगलादेशात संचालनालयाला 'अधिदप्तर'. आणि बंगालीतला 'दप्तरी' म्हणजे पुस्तकं बांधणारा. गुजरातीत आणि मराठीत दप्तरी आडनाव झालं. देशाचे पहिले सॉलिसिटर जनरल सी. के. दफ्तरी तुमच्या आजोबांना आठवत असतील.

सगळ्यात गोड गोष्ट ग्रीसची. तुर्कांच्या राज्यात ग्रीकांनी हा शब्द तुर्कीतून परत उसना घेतला, 'तेफ्तेरी', आणि त्याचा अर्थ काय झाला? किराणा दुकानदाराची उधारीची वही. 'लिहून ठेव तेफ्तेरीत, पगार झाला की देतो.' आपलंच कातडं दोन-अडीच हजार वर्षांनी घरी परत आलं, तेही उधारी घेऊन, आणि आईने ओळखलं नाही.

आता आपल्याकडे. दख्खनेत फारसी आली बहामनींच्या कारभारातून, पण इथे एक गंमत होती. गावपातळीवरचा हिशेब मराठी माणसाच्याच हातात राहिला. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने फारसीऐवजी हिंदवीत, म्हणजे इथल्या लोकभाषेत, हिशेब ठेवायला लावले, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. लिपी मोडी, व्याकरण मराठी, पण हुद्दे आणि वस्तू फारसी: जमा, खर्च, बाकी, तारीख, दस्त, दप्तर. नाशिकचं नाव मोगलाईत गुलशनाबाद झालं आणि नंतर पुसलं गेलं. दप्तर पुसलं गेलं नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला. आपल्या भगूरच्या सावरकरांनी दिनांक आणि महापौर रुजवले. या दोन्ही लाटांत दप्तर जागचं हललं नाही. मला वाटतं, पोरांच्या काखेत जाऊन बसल्यामुळे त्याच्याकडे कुणी परका म्हणून पाहिलंच नाही.

मग हिंदीत ऑफिस आणि मराठीत पिशवी, हे का? फारसीत दोन्ही आहे, वहीही दफ्तर आणि ऑफिसही दफ्तर. सूफी कवी रूमीच्या 'मसनवी' या काव्याच्या सहा भागांना सहा दफ्तरं म्हणतात. हिंदी-उर्दूने त्यातली खोली उचलली. आपल्याला खोलीसाठी शब्द लागत नव्हता. कचेरी होती, फड होता. मग दप्तराला राहायला जागा उरली ती फडक्यात. गुजरातीचंही आपल्यासारखंच आहे, तिकडे शाळेच्या पिशवीला दफतरच म्हणतात. सुरगाण्याकडचा मुलगा सीमा ओलांडून गुजरातेत शाळेला गेला तर पिशवीचं नाव बदलावं लागत नाही. भोपाळला गेला तर लागतं, तिथे ती 'बस्ता'.

आणि बस्ता म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवतं? लग्न. येवल्याला पैठणी आणि मग मेन रोडला बाकीचे कपडे, दिवसभर पाय तुटेपर्यंत. फारसी 'बस्ता' म्हणजे बांधलेलं; संस्कृतातल्या 'बंध', 'बद्ध' यांचा हा सख्खा चुलतभाऊ. एकच फारसी गाठोडं, हिंदीवाल्यांनी ते पोराच्या पाठीवर दिलं आणि आपण नवरीच्या हातात. दप्तराची अदलाबदल नेमकी उलटी. हिंदी प्रांतातून बदलून आलेल्या एका साहेबांना पहिल्याच महिन्यात हाताखालच्याने सांगितलं, "साहेब, बहिणीच्या लग्नाचा बस्ता आहे, दोन दिवस रजा हवी." साहेब बराच वेळ विचार करत होते की शाळेची पिशवी घ्यायला दोन दिवस कशाला.

सरकारी मराठीत जुना अर्थ अजून जिवंत आहे, हेही मुलीला सांगा. ग्रामपंचायतीची दप्तर तपासणी होते, मावळता ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) नव्याला दप्तर सोपवतो. 'अर्ज दप्तरी दाखल' असा शेरा आला की समजायचं, झालं, आता या अर्जाचं पुढे काही होणार नाही. मला एका कचेरीत जुन्या कागदाच्या नकलेसाठी सात महिन्यांत अकरा फेऱ्या मारायला लावल्या, शेवटी म्हणाले, "ते दप्तर पावसात भिजलं." पाहिलं तर रुमाल कोरडा ठणठणीत, गाठसुद्धा कुणी सोडलेली नव्हती. 'दप्तरदिरंगाई' हा शब्द आपण उगाच नाही घडवला. 2005 चा बदल्या आणि विलंबाचा कायदा लोकांच्या तोंडी दप्तरदिरंगाईचा कायदाच आहे. जुने कारकून थट्टेने म्हणतात, दफ्तर म्हणजे अर्ज दफन करायची जागा. ऐकायला झकास, पण 'दफन'चा आणि याचा काडीचा संबंध नाही. ही व्युत्पत्ती कुणी गंभीरपणे सांगितली तर मानू नका.

एक शेवटचा नातलग राहिला, आणि तो नको असलेला आहे. 1826 मध्ये फ्रान्समधल्या तूर शहराचे डॉक्टर ब्रेतोनो यांनी मुलांच्या एका जीवघेण्या रोगाचं वर्णन केलं. घशात करडा, चिवट, चामड्यासारखा पापुद्रा धरतो आणि मूल गुदमरतं. त्या पापुद्र्यावरून त्यांनी ग्रीक 'दिफ्थेरा' घेऊन रोगाला नाव दिलं, त्याचं पुढे डिफ्थेरिया झालं. मराठीत घटसर्प. (शेतकरी घटसर्प म्हणतात तो गाई-म्हशींचा, पावसाळ्याआधी लस टोचतात तो रोग वेगळा.) मूल दीड महिन्याचं झालं की जी लस मिळते ती इतर रोगांबरोबर याच्यावरही. म्हणजे आपल्या पोरांना एक दिफ्थेरा होऊ नये म्हणून आपण टोचून घेतो, आणि सहा वर्षांनी दुसरा आपणच पाठीवर देतो. त्याचंही ओझं फार होऊ नये म्हणून नियम आहे: दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नको. तुमच्या मुलीचं एकदा काट्यावर ठेवून बघा.

राहिली लाल शाई. फारसीतला 'फ' हा ओठांना दात लावून म्हणायचा. मराठी तोंडात तो महाप्राण फ झाला, आणि पुढे 'त' जोडून आला की त्यातला हकार गळून प उरतो. 'हफ्ता'चा हप्ता असाच झाला. मूळ अर्थ सात दिवस, 'हफ्त' म्हणजे सात, आपल्या 'सप्त'चाच भाऊ. आता कर्जाचाही हप्ता आणि गुंडाचाही. सरदेसायांच्या 45 खंडांवरही 'पेशवे दप्तर' असंच छापलंय. तेव्हा मराठीच्या वहीत दप्तरच, बाईंची काट बरोबर आहे. हिंदीच्या वहीत मात्र दफ्तर, आणि त्या बाई कडक असतील तर फ खाली नुक्ता, म्हणजे टिंबही, द्यायला सांगा.